तीन पॅरिश, एक ऑफिस

३ ऑगस्ट, सोमवार

कालपासून मी बोलतेच आहे. शेवटी आज जेवताना हे म्हणाले, "अगं, मला तोंडपाठ झालं आता. कुठेतरी लिहून काढ." म्हणून लिहायला बसले. यांचे कान सुटले, एवढाच काय तो फायदा.

झालं असं. काल चर्चमध्ये रविवारची मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, संपता संपता स्टेशनजवळच्या पॅरिशचे छोटे फादर आमच्या अल्तारासमोर येऊन उभे राहिले. वयाने लहान म्हणून छोटे, बोलणं मात्र मोठं. त्यांनी जाहीर केलं की टेकडीवरची आमची पॅरिश, नदीकाठची पॅरिश आणि त्यांची स्टेशनजवळची, या तिन्हींची ऑफिसं आता एक होणार. चर्च तीनच राहतील, फादर तीनच राहतील, फक्त कारभार एकत्र. ऑफिस अर्थातच त्यांच्याकडे, हॉलच्या वरच्या मजल्यावर. लोकांच्या सोयीसाठी म्हणे! टेकडीवरच्या म्हाताऱ्या माणसांनी बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी बस पकडायची, वर जिना चढायचा आणि धापा टाकत सांगायचं, वा, काय सोय झाली!

आणि हे मला, या पॅरिशच्या सेक्रेटरीला, बाकावर बसून चारचौघांबरोबर कळलं. शेजारच्या बाईने कोपराने ढोसून विचारलं, "तुम्हाला माहीतच असेल ना?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.

आमचे फादर त्या वेळी खुर्चीत बसून स्वतःच्या हातांकडे बघत होते. नंतर मी त्यांना अल्तारामागच्या खोलीत गाठलं. म्हटलं, "फादर, मला एका शब्दाने तरी सांगायचं होतंत."

"अगं, सांगितलं ना तुला?"

"कधी?"

ते घुटमळले. "सांगितलं असं वाटलं होतं मला."

आता असली गोष्ट सांगितली असती तर मी विसरले असते का? पण त्यांना काय बोलणार. भिडस्त माणूस. बिशप हाउसमधून दडपण आणलं असणार, आणि मला कोणत्या तोंडाने सांगावं म्हणून गप्प बसले असणार. त्यांच्यावर मी रागावलेली नाही. बाकी सगळ्यांवर आहे.

५ ऑगस्ट

हे आज विचारत होते, "पगार तोच राहणार ना?"

"हो."

"काम तेच?"

"हो."

"मग बिघडलं कुठे?"

काम तेच म्हणे. माझं काम काय आहे हे यांना इतक्या वर्षांत कळलं नाही, तर बिशपांना काय कळणार! दाखले लिहिणं आणि लग्नाच्या तारखा देणं हे वरचं काम झालं. खरं काम सकाळी होतं. मी आधी फादरांच्या घरी जाते. त्यांचा चहा झालेला असतो. कधी कधी दोनदा झालेला असतो, स्वयंपाकीणबाई कुरकुरत असते. मी कोट झटकून देते, बटणं वरखाली लागली असतील तर नीट लावायला सांगते आणि फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर चालते. चालता चालता सगळं सांगते. आज शाळेत जायचंय, मुख्याध्यापिका नवीन आहेत, उंच आहेत, चष्मा आहे. मग वळणावरच्या आजींकडे. त्यांचा मुलगा गेलाय, तेव्हा मुलाची चौकशी करू नका. ते हं हं करतात. फाटकाशी मी पुन्हा एकदा थोडक्यात सांगते आणि मग ते निघतात.

लोक म्हणतात, आमच्या फादरांना घराघरातलं किती माहीत असतं! ते ऐकलं की माझा दिवस चांगला जातो. आता मी स्टेशनपाशी वरच्या मजल्यावर बसणार. मग फाटकापर्यंत कोण चालणार? याचा विचार कोणी केलाय?

परवा फादर म्हणाले, "हल्ली मला धुक्यातून चालल्यासारखं वाटतं गं." मी म्हटलं, "फादर, तुम्ही दमलात. आज दुपारी जरा पडा." दमणार नाहीत तर काय! त्यात हे नवं खूळ.

१७ ऑगस्ट, सोमवार

गेलं ऑफिस.

टेम्पो आला, चार माणसं आली, आणि जे लावायला मला अठरा वर्षं लागली ते त्यांनी जेवायच्या वेळेपर्यंत उचलून नेलं. रिकाम्या खोलीत भिंतीवर कपाटाच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला. बाकी भिंत किती मळली होती ते तेव्हा दिसलं. रंगासाठी मी तीनदा अर्ज केला होता, तेही इथे लिहून ठेवते.

तिकडे कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. मनातून मला फार बरं वाटलं. नदीकाठच्या पॅरिशचे सेक्रेटरीही सामान घेऊन आले होते. या गृहस्थांना सगळे 'हळूहळू' म्हणतात, कारण कशालाही त्यांचं उत्तर एकच. ते जिन्यात घाम पुसत म्हणाले, "वहिनी, होईल. हळूहळू होईल." शेवटी कपाटाचे दरवाजे काढून ते वर नेलं. दरवाजे अजून भिंतीला टेकून उभे आहेत.

आणि वर आमच्या स्वागताला कोण, तर मॅनेजरबाई. तिन्ही पॅरिशांच्या डोक्यावर बसवायला बिशप हाउसने नेमलेली. चाळिशीची असेल. केस कापलेले, पायात बूट, आवाज एकदम खालचा. मला म्हणाली, "या मावशी, ही खिडकीजवळची जागा तुमच्यासाठी ठेवलीय." मावशी! मी काय हिच्या आईची बहीण आहे? जागा चांगली आहे, हे मात्र कबूल करायला हवं. पण ती चांगली आहे म्हणूनच मला जास्त राग आला.

मग तिने कॉम्प्युटरवर तिन्ही फादरांचा कार्यक्रम दाखवला. एक हिरवा, एक निळा, एक पिवळा. आमचे फादर पिवळे. रोज सकाळी ती प्रत्येक फादरांना फोन करणार आणि त्यांनी स्वतः सांगायचं, आज कुठे कुठे जायचंय.

मी म्हटलं, "आमच्या फादरांना फोनवर बोललेलं आवडत नाही. मी सांगत जाईन."

"नको. त्यांनाच सांगू देत."

"मी अठरा वर्षं सांगतेय."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "हो, ते कळलं मला." काय कळलं हिला? आल्या दिवशी?

मी ठरवलंय. या ऑफिसला यायच्या आधी टेकडी चढून फाटकापर्यंतचं माझं काम करीनच. बस चुकली तर चुकली.

२५ ऑगस्ट

काल संध्याकाळी नदीकाठच्या चर्चमध्ये मिस्सा आमच्या फादरांची होती आणि ते गेले स्टेशनच्या चर्चमध्ये. तिथे छोटे फादर तयार होऊन उभेच होते. नदीकाठची माणसं ताटकळली आणि घरी गेली. सकाळी मी सगळं व्यवस्थित सांगितलं होतं, पण संध्याकाळपर्यंत या लोकांच्या तीन रंगांत माणूस गोंधळणार नाही तर काय? पूर्वी एक चर्च होतं, तेव्हा एकदा तरी चुकले का ते? चुकणार कुठे, घरासमोरच तर चर्च!

मॅनेजरबाईला मी हे सुनावलं. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." वाद घालणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. ही मान डोलावते.

२८ ऑगस्ट

बस चुकली. पावसात भिजले. ऑफिसात मॅनेजरबाईने टॉवेल दिला. घेतला नाही. दिवसभर शिंकत बसले, पण घेतला नाही.

५ सप्टेंबर, शनिवार

आज लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

आज आमच्या चर्चमध्ये लग्न होतं. मुलगी आमच्याच टेकडीवरची, तिची आई शिवणकाम करते. एरवी लग्नाच्या वेळी मी अल्तारामागच्या खोलीत असते. पुस्तकात खूण घालून देते, नवरानवरीची नावं फादरांच्या कानावर दोनचारदा घालते. पण आज शनिवारची पाळी माझी! लग्न टेकडीवर आणि मी इथे वरच्या मजल्यावर रिकाम्या खुर्च्यांसमोर. हळूहळूंना म्हटलं पाळी बदला, तर मॅनेजरबाईनेच त्यांना लग्नाच्या मदतीला पाठवून दिलं होतं.

दुपारी शिंपीणबाईच फोनवर. आधी नुसती रडली. मग कळलं. वचनं घ्यायच्या वेळी फादर थांबले. मुलीकडे बघत राहिले. आणि मग हात वर करून त्यांनी मृतांसाठीची प्रार्थना सुरू केली. चिरशांती दे, म्हणाले. नवरीच्या डोक्यावर हात ठेवून! हळूहळूंनी पुढे होऊन पानावर बोट ठेवलं, तेव्हा फादर हसले आणि पुढचं सगळं नीट पार पडलं. पण मुलगी फोटोंतही रडवेली आहे म्हणे.

मला एका क्षणात कळलं काय झालं ते. अंत्यविधीचं पुस्तक ठेवलं कोणीतरी! मी नसले की हेच होणार. मी शिंपीणबाईला तिथल्या तिथे सांगितलं, "ही चूक फादरांची नाही, त्या मॅनेजरबाईची आहे. तिने चुकीचं पुस्तक पाठवलं." मग बेकरीत सांगितलं, बसथांब्यावर सांगितलं, चर्चच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या दोघींना सांगितलं. सगळ्या टेकडीला कळू दे.

हळूहळू संध्याकाळी परत आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, पुस्तक मी स्वतः बघितलं होतं..." मी म्हटलं, "तुम्ही तिचीच बाजू घेणार." ते गप्प झाले. हळूहळू नव्हे, एकदम.

७ सप्टेंबर, सोमवार

आज तिन्ही फादर आणि आम्ही तिघं अशी बैठक होती. मी बसून बोलायचं ठरवलं होतं, पण बोलताना उभी कधी राहिले ते कळलं नाही. सगळं काढलं. टेम्पो, जिना, तीन रंग, नदीकाठची ताटकळलेली माणसं आणि ते पुस्तक. म्हटलं, "एका मुलीच्या लग्नात मरणाची प्रार्थना झाली. कोणाला लाज वाटतेय का? तीन घरची चूल एक केली आणि कोणाच्या ताटात काय वाढलं हे बघायला कोणी नाही!"

छोटे फादर म्हणाले, "बाई, बसा जरा."

मॅनेजरबाई म्हणाली, "चूक माझी आहे. तिथे काय होतंय ते बघायला मी स्वतः जायला हवं होतं."

बस! सगळ्यांसमोर कबूल केलं. मी जिंकले. पण जिंकल्यावर जे वाटायला हवं ते वाटलं नाही. कारण आमचे फादर उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले होते आणि शेवटपर्यंत त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. त्यांच्यासाठीच तर भांडत होते मी! भिडस्तपणालाही काही हद्द असते.

११ सप्टेंबर

रजा काढून बिशप हाउसला गेले. बिशप नव्हते, त्यांचे सचिव होते. तेही फादरच, टक्कल, फार सावकाश बोलणारे. मला पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. मी मागणी केली की टेकडीचं ऑफिस टेकडीला परत द्या.

ते म्हणाले, "फादर कसे आहेत?"

"ठणठणीत आहेत. दमतात एवढंच."

"गाडी अजून स्वतः चालवतात?"

"चालवतात की."

त्यांनी टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ केली. "हे सगळं तुम्ही फादरांशीच का बोलत नाही? त्यांना विचारा, हे ऑफिस का एकत्र केलं."

बघा! मी ऑफिसबद्दल विचारतेय आणि हे गाडीबद्दल विचारतायत. शेवटी चेंडू परत आमच्याच अंगणात. ज्यांना हुकूम पाळावा लागला त्या बिचाऱ्यांना काय विचारायचं? येताना बसमध्ये इतका संताप आला की माझा थांबा मागे गेला.

१९ सप्टेंबर, शनिवार

आता हद्द झाली.

दुपारी फादर एका आजारी माणसासाठी प्रार्थना करून त्याला पवित्र तेल लावायला गाडीने निघाले. वाटेत घर सापडेना. होतं असं, नवीन इमारती झाल्यात. बाजारामागच्या गल्लीत ते गाडी उभी करून बसले. इंजिन चालू, मागे हातगाड्या अडकलेल्या, लोक आरडाओरडा करतायत. भाजीवाल्याने ओळखून ऑफिसात फोन केला आणि मॅनेजरबाई धावत गेली. आजाऱ्याकडे छोट्या फादरांना पाठवलं. आणि आमच्या फादरांना घरी सोडून ही बाई गाडीच्या चाव्या स्वतःच्या पर्समध्ये टाकून परत आली!

मी म्हटलं, "चाव्या द्या."

"नाही देणार."

पहिल्यांदा तिने नाही म्हटलं. मी आवाज चढवला. "माणूस एकदा रस्ता चुकला तर तुम्ही त्याच्या चाव्या घेता? ते काय लहान मूल आहेत? कोण तुम्ही?"

"मावशी, माझ्या वडिलांच्या चाव्या मी उशिरा घेतल्या होत्या."

हिच्या वडिलांचा इथे काय संबंध? मी तेच विचारलं. ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "तुम्ही रोज सकाळी टेकडीवर जाता, मला माहीत आहे. तुम्हाला उशीर होतो म्हणून मी कधी बोलले नाही. पण एकदा, फक्त एकदा, त्यांना काही न सांगता फाटकाबाहेर सोडून बघा."

"बघतेच," मी म्हटलं. "आणि मग तुमच्या तोंडावर येऊन सांगते."

२१ सप्टेंबर, सोमवार

आज मी फादरांना काही सांगितलं नाही.

कोट दिला. फाटकापर्यंत चाललो. मी गुलाबांबद्दल बोलले, गळक्या नळाबद्दल बोलले. फाटकाशी ते थांबले, नेहमीसारखे. मी गप्प राहिले.

"बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"आज कुठे?"

"तुम्हाला ठाऊकच आहे, फादर. दर सोमवारचं तर आहे."

सोमवारी शाळा. मी या ऑफिसात लागायच्या आधीपासून सोमवारी शाळा. फाटकातून शाळेचं छप्पर दिसतं. पोरांचा गलका तर इतका येत होता की आम्हाला मोठ्याने बोलावं लागत होतं. फादरांनी रस्त्याच्या एका बाजूला बघितलं, मग दुसऱ्या. उजवीकडे चार पावलं गेले, थांबले, परत आले. आणि हसले. कोणी भेटायला आलं आणि नाव सुचलं नाही की हसतात तसं, गोड, सभ्य. त्या हसण्याला मी आजवर त्यांचा स्वभाव समजत होते.

मग ते कठड्यावर बसले. म्हणाले, "तिने सांगितलं वाटतं तुला, असं करून बघ म्हणून."

मी फाटक ओढून लावून घेतलं.

"ऑफिस मीच एकत्र करायला लावलं," ते म्हणाले. "मार्चमध्ये बिशपांकडे गेलो होतो. त्यांच्या मनात होतंच, पण पुढे ढकलत होते. म्हटलं, लवकर करा आणि माझी पॅरिश आधी घ्या. मला दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखाली ठेवा. एक दिवस माझ्या हातून कोणाचं तरी वाईट होईल."

"दुसऱ्या कोणाच्या? माझे डोळे काय फुटले होते?"

"तू बघत नव्हतीस, झाकत होतीस. फार छान झाकलंस. बरेच दिवस मलाही पत्ता लागला नाही."

"मला सांगायचं होतंत!"

"सांगितलं होतं. बहुतेक. तू म्हणालीस, फादर, तुम्ही दमलात."

मी ओरडले. भर रस्त्यात, फादरांवर, ज्यांच्यासमोर मी कधी पदर डोक्यावरून ढळू दिला नाही. म्हटलं, मग बैठकीत का नाही बोललात? ती बाई तुमची चूक अंगावर घेत होती, मी तिची अब्रू काढत होते आणि तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात! ते म्हणाले, "बोलायला उठलो होतो. खिडकीपर्यंत गेलो आणि काय बोलायचं होतं तेच गेलं."

शाळेची घंटा झाली. मी त्यांना रस्ता ओलांडून शाळेत नेऊन सोडलं. नव्या मुख्याध्यापिका उंच आहेत, चष्मा आहे, हे सांगितलं नाही. त्यांनीच स्वतःची ओळख करून दिली आणि काहीही बिघडलं नाही.

२२ सप्टेंबर

ऑफिसला गेले नाही. यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "गेल्या वर्षी त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, आपण कोण म्हणून."

"आणि तुम्ही मला आज सांगताय?"

"तेव्हाच सांगितलं होतं. तू चार दिवस बोलली नाहीस माझ्याशी."

म्हणजे यांना माहीत, स्वयंपाकीणबाईला माहीत, सचिवांना माहीत, हळूहळूंना माहीत, काल आलेल्या मॅनेजरबाईला माहीत. सगळी दुनिया शहाणी, मी एकटी खुळी. कोणी माझ्या खांद्याला धरून गदागदा का हलवलं नाही? हे म्हणाले, "कोणाची हिंमत आहे?" आणि हसले. मी नाही हसले.

२४ सप्टेंबर

गेले ऑफिसला. मॅनेजरबाईला म्हटलं, "सोडून बघितलं."

ती म्हणाली, "हं."

एवढंच. मी सांगितलं होतं तोंडावर येऊन सांगीन म्हणून, ते सांगितलं. माफीबिफी मला जमत नाही. तिने चहा पुढे केला, तो मात्र घेतला. तिच्या वडिलांबद्दल विचारलं. ते गाडीने गेले होते आणि वाटेत एक सायकलवाला होता. याच्यापुढे ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

३ ऑक्टोबर

फादर टेकडीवरून खाली राहायला आले. छोट्या फादरांच्या घरी, खालची खोली. डॉक्टर बघतायत. मिस्सेला छोटे फादर शेजारी उभे राहतात आणि ओळीवर बोट ठेवतात. मला वाटलं होतं हा पोरगा मिरवेल. मिरवत नाही. बोट असं ठेवतो की बाकावरून दिसतही नाही.

पण लोक! बेकरीत एकीने विचारलं, "खरंच का हो, तुमच्या फादरांचं डोकं फिरलंय?" मी तिला असं काही सुनावलं की ती पाव तिथेच विसरली. आणि ती गेल्यावर बेकरीवाला काय म्हणाला? "पण त्या लग्नातलं तर मॅनेजरबाईनेच केलं ना? तुम्हीच म्हणाला होतात." मॅनेजरबाईशी आता टेकडीवरचं कोणी बोलत नाही. कॉयरच्या दोघी तिला बघून दुसऱ्या बाकावर जाऊन बसतात. हे सगळं माझ्या तोंडाचं काम. हे निस्तरायचं कसं? खरं सांगायचं तर फादरांना बाजारात उभं करायचं. नाही सांगायचं तर तिला. हळूहळूंना विचारलं, तर पहिल्यांदाच ते म्हणाले, "वहिनी, हे लवकर करा."

१० ऑक्टोबर, शनिवार

आज शिंपीणबाई आली.

मी, मॅनेजरबाई आणि हळूहळू तिघंही ऑफिसात होतो. फादर हल्ली वरच येऊन बसतात. आतल्या छोट्या खोलीत त्यांची खुर्ची आहे, दार उघडं असतं. शिंपीणबाई लग्नाचा दाखला न्यायला आली होती, पण आली ती पेटूनच. जिना चढून दम लागलेला, त्यात समोर मॅनेजरबाई. दाखला हातात पडताच म्हणाली, "हा कागद द्यायला बरं जमतं तुम्हाला! माझ्या पोरीच्या लग्नात मरणाचं पुस्तक पाठवलंत. सासरी पहिल्या दिवशी तिला काय ऐकून घ्यावं लागलं माहीत आहे? अपशकुनी म्हणाली तिची आतेसासू!"

मॅनेजरबाई उभी राहिली. "माझी चूक झाली, ताई."

"चूक? माझ्या पोरीचा आयुष्यातला एक दिवस होता तो!"

मॅनेजरबाई पुन्हा तेच म्हणणार होती. तोंड उघडलंच होतं तिने. मला सहन झालं नाही. कोणाचा राग आला ते कळलं नाही. तिचा, शिंपीणबाईचा, त्या आतेसासूचा, माझा, पण आला. मी टेबलावर हात आपटला.

"यांची चूक नाही. पुस्तक बरोबर होतं. मी तुम्हाला फोनवर सांगितलं ते खोटं होतं. न बघता, न विचारता सांगितलं. सगळ्या टेकडीला सांगितलं."

शिंपीणबाई माझ्याकडे बघत राहिली. "पुस्तक बरोबर होतं? मग चूक कोणाची?"

हळूहळू खाली बघत होते. मॅनेजरबाईने मला मानेनेच खुणावलं, नको. इतकी माणसं असलेल्या खोलीत कोणाला एक वाक्य बोलता येत नव्हतं.

"माझी," आतून आवाज आला.

फादर दारात उभे होते. बटणं वरखाली लागली होती. मी उठणार होते, पण उठले नाही.

"पुस्तक बरोबर होतं," ते म्हणाले. "मी चुकलो. मला आजार आहे, बाई. गोष्टी मनातून निसटतात. त्या दिवशी तुमच्या मुलीकडे बघितलं आणि आपण कशासाठी उभे आहोत तेच निसटलं. समोर फुलं होती, माणसं रडत होती. मला वाटलं, कोणीतरी गेलंय. तिचं मन दुखावलं. मला क्षमा करा."

शिंपीणबाई ज्या आवाजात भांडायला आली होती तो आवाज तिला सापडत नव्हता. फादर सावकाश येऊन तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसले.

"मुलीचं नाव काय?"

तिने सांगितलं.

त्यांनी ते नाव दोनदा उच्चारलं. मग डोळे मिटून त्या मुलीसाठी आणि तिच्या नवऱ्यासाठी आशीर्वादाची प्रार्थना म्हटली, लग्नातली, सबंध, एकही शब्द न अडखळता. हळूहळू उभे राहिले, मग आम्ही सगळेच. शिंपीणबाईने दाखला छातीशी धरला होता.

"आमेन," फादर म्हणाले. मॅनेजरबाई चहा ओतायला गेली. खाली रस्त्यावर बस येऊन थांबली आणि गेली. फादरांनी कप हातात घेतला, शिंपीणबाईकडे बघितलं आणि हसले, तसंच, गोड, सभ्य.

"तुम्हाला मुलगी आहे ना?" ते म्हणाले. "काय नाव तिचं?"

या बाईचं तोंड मला माहीत आहे. अख्ख्या टेकडीला माहीत आहे.

शिंपीणबाईने आपली खुर्ची थोडी पुढे ओढली आणि पहिल्यांदाच कोणी विचारावं तसं, नीट, सावकाश, नाव सांगितलं.